रोमानियन सिनेमे एवढं थांबायला का लावतात?

तिसरी_घंटा (धागाकर्ती):

मंडळी, धागा निम्मा तक्रारीचा आहे, निम्मा कुतूहलाचा.

२०२४च्या इफ्फीत, म्हणजे गोव्याच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात, उत्कृष्ट दिग्दर्शनाचा रजत मयूर बोग्दान मुरेशानू या रोमानियन दिग्दर्शकाला मिळाला, 'द न्यू इयर दॅट नेव्हर केम'साठी. त्याच समारंभात आपल्या नवज्योत बांदिवडेकरला 'घरत गणपती'साठी भारतीय पदार्पणाचा पुरस्कार मिळाला. त्या आनंदात मुरेशानूला आपल्याकडे फारसं कुणी विचारलं नाही, आणि ते साहजिकच होतं. मी मात्र तो सिनेमा पणजीत बघितला आणि वेडी झाले.

डिसेंबर १९८९, बुखारेस्ट. टीव्हीवरचा नववर्षाचा कार्यक्रम चित्रित करून तयार आहे, पण त्यात हुकूमशहा निकोलाए चाऊशेस्कूचे गोडवे गाणारी नटी देशाबाहेर पळून गेलीय. आता तिचं तोंड दाखवायची सोय नाही, तेव्हा धरून आणा दुसरी. तिकडे एका कामगाराच्या पोराने सांताक्लॉजला पत्र टाकलंय आणि घरात कुणाला काय हवंय ते प्रामाणिकपणे लिहिलंय. बाबांना काय हवंय? निकूकाका मेलेला हवाय. निकूकाका कोण हे सांगायला नको. पत्र पेटीत पडलं, बाप घामाघूम. अशा सहा जणांच्या गोष्टी एकमेकींत गुंतत जातात. दोन दिवसांत हुकूमशहा हेलिकॉप्टरने पळणार आहे हे आपल्याला माहीत असतं, त्यांना नसतं. शेवटी राव्हेलची 'बोलेरो' ही संगीतरचना सुरू होते तेव्हा माझ्या शेजारचे गृहस्थ, जे तोवर फोनवर बोट फिरवत होते, फोन खिशात टाकून सरळ बसले.

हुरळून मी बाकीचे रोमानियन सिनेमे शोधायला घेतले आणि तिथे गाडी अडली. 'सिएरानेव्हाडा' जवळजवळ तीन तास. वडिलांच्या चाळीसाव्याला नातेवाईक जमलेत, पाद्री येत नाही म्हणून पानं वाढली जात नाहीत. पोरुंबोयूच्या 'पोलीस, अ‍ॅडजेक्टिव्ह'मध्ये पोलीस एका पोरामागे चालतो, थांबतो, परत चालतो, मग घरी येऊन सूप पितो. आख्खं सूप. नवरा तर 'तुझा रोमानिया' म्हणूनच उशी घेऊन येतो.

तर प्रश्न असा की या ताटकळवण्यात खरंच काही आहे, की महोत्सवांत बक्षीस मिळतं म्हणून लावलेली सवय? आणि बघायचेच तर कुठून सुरू करावं?

बाल्कनीवाला:

झोपेच्या गोळीपेक्षा स्वस्त. 'द डेथ ऑफ मिस्टर लाझारेस्कू' या सिनेमातले मिस्टर लाझारेस्कू अडीच तासांनी जातात म्हणे, मी पाऊण तासात गेलो.

तात्पुरती:

@बाल्कनीवाला, पुढे जागे राहिला असता तरी हाती काही लागलं नसतं. पडद्यावर ते जातच नाहीत. नावात सांगून टाकलंय, बस आता बघत.

डॉ_अर्धवेळ:

लाझारेस्कूवरून राहवलं नाही म्हणून लिहितोय.

क्रिस्ती पुयूचा 'द डेथ ऑफ मिस्टर लाझारेस्कू' (२००५) ही साध्या भाषेत एका रेफरल चिठ्ठीची गोष्ट आहे. बासष्ट वर्षांचा एकटा माणूस, घरात मांजरं, डोकं दुखतंय, उलट्या होतायत आणि तोंडाला दारूचा वास. अँब्युलन्समधली मिओआरा नावाची नर्स त्याला एकामागून एक चार दवाखान्यांत फिरवते. त्याच रात्री एका बसला मोठा अपघात झालाय, त्यामुळे सगळीकडे गर्दी. प्रत्येक डॉक्टर आधी त्याला पिण्यावरून झापतो आणि मग तपासतो. निदान पहाटेपर्यंत पक्कं होत जातं आणि माणूस हळूहळू बोलता बोलता विरघळत जातो. आधी पूर्ण वाक्यं, मग तुकडे, मग नुसते आवाज. हे अडीच तासांत कळतं. दीड तासाचा सिनेमा असता तर एका कटमध्ये तो बोलता असता आणि पुढच्या कटमध्ये बेशुद्ध. मग ती मेलोड्रामाची आजारपणं आहेतच आपल्याकडे.

एक प्रसंग सांगतो. ऑपरेशन तातडीने करायला हवं, पण संमतीपत्रावर सही हवी. पेशंटला आपण कुठे आहोत हेही कळत नाही, तरी त्याच्यापुढे कागद धरलाय. तो सही करत नाही. तेव्हा सर्जन नर्सला सुचवतो, याला घेऊन थोडी चक्कर मार, पूर्ण बेशुद्ध झाला की आण, मग सहीची गरज नाही. आवाज चढलेला नाही, कुणी खलनायक नाही. मी इंटर्न असताना एका मोठ्या सरकारी रुग्णालयात होतो. 'नातेवाईक कुठेत?', 'आधी सही आणा', 'बेड नाही, पुढे न्या' हे मी ऐकलंय आणि अंगावर पांढरा कोट घालून म्हटलंयही. मी तो सिनेमा थांबवत थांबवत बघितला, कंटाळा आला म्हणून नव्हे.

यामागे १९९७ची एक खरी घटना आहे. एका रुग्णाला असंच दवाखान्यांतून फिरवून अखेर रस्त्यावर सोडून दिलं होतं. पुयूने त्या मानाने नर्सला माणुसकी जास्तच दिलीय.

चिंचगूळ:

डॉक्टर, छान लिहिलंत. आणि ती नर्स! लुमिनित्सा गेओर्ग्यू. तिचं स्वतःचं पित्ताशय दुखतंय, मधूनमधून पोट धरते, पण तिला कोण विचारतो. एक डॉक्टरीणबाई तिचा पाणउतारा करते की निदान करणारी तू कोण. हीच बाई नंतर 'चाइल्ड्स पोझ'मध्ये (२०१३) गडगंज आई झालीय, गाडीखाली मूल आलेल्या आपल्या मुलाला सोडवायला ओळखीपाळखी काढत फिरणारी. दोन सिनेमे पाठोपाठ बघा, बाई एकच आहे यावर विश्वास बसणार नाही.

वितंडवादी:

सगळे एका सुरात आहेत म्हणून मीठ टाकतो.

हे सिनेमे रोमानियातल्या माणसांसाठी बनतच नाहीत. कान आणि बर्लिन महोत्सवांच्या परीक्षकांना पूर्व युरोप कसा लागतो? पोपडे उडालेला जिना, बंद लिफ्ट, करडं आभाळ, स्वयंपाकघरात भांडणं. तेवढं दिलं की अस्वल मिळतं. बर्लिनचं सुवर्ण अस्वल २०१३, २०१८ आणि २०२१ असं तीनदा एका छोट्या देशाला? मागणी तसा पुरवठा. आपल्याकडची गरिबी दाखवून बाहेर टाळ्या घेतल्या की आपणच ओरडतो. मग रोमानियनांनी केलं की ती कला?

आणि लांबलचक शॉट म्हणजे खोली असं कुणी सांगितलं? कॅमेरा ठेवला आणि चहा प्यायला गेले, असंही असू शकतं.

रिळवाला:

वितंडवादी, तुमचा मुद्दा अगदीच टाकाऊ नाही, पण इतिहास उलटा लावलात.

सुरुवात १९६८ची. लुचियान पिंतिलिए या दिग्दर्शकाचा 'रिकन्स्ट्रक्शन'. दोन पोरांनी दारू पिऊन मारामारी केली, शिक्षा म्हणून त्यांना तीच मारामारी कॅमेऱ्यासमोर परत करायला लावतात, लोकांना धडा मिळावा म्हणून प्रबोधनपट. सरकारी माणूस उन्हात बसून हुकूम सोडतोय, पोरं खोटंखोटं मारतायत, 'खरं वाटत नाही, परत करा'. शेवटी एक जण खरंच जातो. राजवटीला तो झोंबला आणि लवकरच गुंडाळला गेला. आज आपण ज्याला रोमानियन शैली म्हणतो तिचं मूळ तिथे आहे: यंत्रणा माणसाला ताटकळवते आणि वर विनोदही होतो.

मग १९८९ आलं, राजवट गेली, पैसा गेला, थिएटरं एकेक करून बंद झाली. २००० साली एकही नवा रोमानियन कथापट पडद्यावर लागला नाही, असा तळ गाठला होता. पुयूचा पहिला सिनेमा 'स्टफ अँड डो' २००१चा. तीन तरुण, एक व्हॅन, खांद्यावरचा कॅमेरा, झालं. क्रेन आणि सेट परवडत नव्हते. क्रिस्तियान मुंजीऊ या दिग्दर्शकाच्या 'फोर मन्थ्स, थ्री वीक्स अँड टू डेज'चा खर्च सुमारे सहा लाख युरो होता आणि त्याला २००७ साली कानचं सर्वोच्च बक्षीस, सुवर्णताड, मिळालं. म्हणजे शैली आधी आली, बक्षिसं मागून आली. परीक्षकांनी ऑर्डर दिली नव्हती.

आणि 'रोमानियनांसाठी नाहीच' म्हणत असाल तर एक गोष्ट ऐका. सुवर्णताड मिळालं, पण देशभर दाखवायला पडदेच उरले नव्हते. तेव्हा मुंजीऊने प्रोजेक्टर गाडीत घालून गावोगाव फिरता खेळ काढला. थिएटर नसलेल्या शहरांत जाऊन स्वतःचा सिनेमा दाखवला. आपल्याकडचे तंबू थिएटरवाले जसे जत्रांमागे फिरायचे तसं, फक्त इथे दिग्दर्शक स्वतः बरोबर.

मांडवीकाठ:

रिळवाला काका, तुम्ही लिहायला लागलात की आम्ही गप्प.

पणजीत राहून इतकी वर्षं हे महोत्सव बघतोय, एक निरीक्षण नोंदवतो. ऑनलाइन बुकिंग उघडताच फ्रेंच सिनेमे पटकन संपतात, इराणी संपतात, कोरियन तर सेकंदात. रोमानियन मिळून जातं. खेळ सुरू झाल्यावर अर्ध्या तासात पहिली गळती, तासाला दुसरी. जे उरतात ते बाहेर पडल्यावर फेणी लागेपर्यंत बोलत बसतात. अशी उरलेली मंडळी माझी कायमची मित्र झालीत.

तात्पुरती:

म्हणजे रोमानियन सिनेमा हा मॅट्रिमोनियल साइटला पर्याय आहे तर.

मांडवीकाठ:

@तात्पुरती, एक जोडपं मला खरंच माहीत आहे. लग्नात जेवायला उशीर झाला होता. 'सिएरानेव्हाडा' म्हणून आम्ही शिट्ट्या मारल्या.

चिंचगूळ:

'सिएरानेव्हाडा'वरून. तिसरी_घंटा, तुम्ही मराठी घरातल्या असून तुम्हाला तो परका वाटला? अहो, तो आपल्याकडचा तेरावा आहे! गुरुजी अडकलेत, पोरं भुकेने कासावीस, सोप्यावर काका राजकारणावरून घसा फोडतायत, स्वयंपाकघरात वेगळंच महायुद्ध, कुणीतरी एकाने अमेरिकेतल्या त्या टॉवरमागचं 'खरं' इंटरनेटवर वाचलंय, आणि मृताचा सूट ज्याने घालायचा त्याला तो होतच नाही. कॅमेरा बराच वेळ बोळात उभा असतो. दारं उघडतात, मिटतात, आपल्याला अर्धंच ऐकू येतं. घरच्या कार्यात ज्याला कुठे उभं राहावं ते कळत नाही तो जावई म्हणजे तो कॅमेरा. मी पोट धरून हसले. शेवटी तर त्यातले भाऊही हसत सुटतात.

तिसरी_घंटा:

@चिंचगूळ, हे मला सुचलंच नव्हतं. हसायची मुभा आहे हे कुणी सांगितलंच नाही ना. महोत्सवाच्या पुस्तिकेत सगळं 'अस्तित्वाचा पेच' वगैरे.

रिळवाला, तंबूची गोष्ट माहीत नव्हती, धन्यवाद. पण वितंडवादींचा दुसरा प्रश्न शिल्लक आहे. कॅमेरा ठेवून चहाला गेले की नाही हे ओळखायचं कसं?

चिंचगूळ:

एका शॉटवर सांगते. 'फोर मन्थ्स...' १९८७मधली गोष्ट. चाऊशेस्कूने लोकसंख्या वाढवण्यासाठी १९६६ साली गर्भपातावर बंदी घातली होती. दोन मैत्रिणी, एकीला बेकायदा गर्भपात करायचाय, दुसरी ओटिलिया तिच्यासाठी सगळी धावाधाव करते. हॉटेलची खोली, सिगारेटी, पैसे, आणि तो भयंकर बेबे नावाचा माणूस. ते सगळं होऊन गेल्यावर मैत्रिणीला खोलीत एकटी सोडून ओटिलियाला मित्राच्या आईच्या वाढदिवसाला जावं लागतं, कारण शब्द दिलाय.

आता तो शॉट. जेवणाचं टेबल. ओटिलिया मधोमध, आपल्याकडे तोंड करून. दोन्ही बाजूंनी डॉक्टर-प्राध्यापक मंडळी कोंबून बसलेली, काहींची नुसती कोपरं आणि हात फ्रेममध्ये. कॅमेरा हलत नाही. बटाटे कसे करावेत, हल्लीच्या पोरांना कष्ट माहीत नाहीत, तुझे आईवडील काय करतात, मोठ्यांसमोर सिगारेट ओढतेस? तिच्यावरून हात पुढे जातात, ताटल्या फिरतात. कुठेतरी फोन वाजतो. कुणी उचलत नाही. तिची मान किंचित वळते आणि परत सरळ होते. बस. आपल्या डोक्यात ती हॉटेलची खोली चालू आहे, पडद्यावर बटाटे. इथे एक जरी कट मारला असता, तिच्या डोळ्यांचा क्लोजअप दिला असता, तरी आपली सुटका झाली असती. मुंजीऊ सुटका करत नाही.

कॅमेरा ठेवून चहाला गेलेला माणूस त्या फोनची घंटी नेमकी तिथे वाजवू शकत नाही.

डॉ_अर्धवेळ:

टाळ्या. पुढे काही लिहायची सोय ठेवली नाहीत.

बाल्कनीवाला:

मान्य, हा एक जागेपणी बघितलाय. बेबे झालेला तो नट, व्लाद इवानोव, त्यानंतर कुठल्याही सिनेमात हसला तरी मला भीती वाटते.

वितंडवादी:

मुंजीऊ वेगळा. मी पोरुंबोयूच्या सूपबद्दल बोलत होतो.

क्लुजकर:

वाचनमात्र होतो, पण आता लिहावं लागेल. नोकरीनिमित्त रोमानियात क्लुजला राहतो. इथे दर वर्षी उन्हाळ्याच्या तोंडावर ट्रान्सिल्व्हानिया चित्रपट महोत्सव भरतो, २००२ पासून. मुख्य चौकात चर्चच्या शेजारी भला मोठा पडदा लागतो, माणसं बिअर घेऊन बसतात आणि मोठमोठ्याने हसतात. माझ्यासाठी हा धक्का होता. भारतात जो सिनेमा मी हाताची घडी घालून बघितला त्यावर हे लोक खिदळतात.

वितंडवादींच्या मुद्द्यात तथ्य आहे बरं का. माझ्या ऑफिसातल्या रोमानियन मित्रांपैकी बऱ्याच जणांनी पुयू बघितलेला नाही. 'आमची घाण परदेशात का दाखवता' हे वाक्य मी इथे जेवताना ऐकलंय. २०२२ साली 'टीमबिल्डिंग' नावाचा कंपनीच्या सहलीवरचा चावट विनोदी सिनेमा तुफान चालला, ऑफिसच्या ऑफिसं गेली. लोकांना तेच हवंय, जगात कुठेही.

पण एक सिनेमा आपण सगळ्यांनी बघायलाच हवा: मुंजीऊचा 'आर.एम.एन.' (२०२२). ट्रान्सिल्व्हानियातलं गाव. रोमानियन, हंगेरियन, थोडे जर्मन. गावातली तरणी माणसं जास्त पगारासाठी जर्मनीत गेलीत. बेकरीला किमान वेतनावर कामगार मिळेनात म्हणून ते श्रीलंकेहून आणतात. गाव पेटतं. 'यांचे हात लागलेला पाव आम्ही खाणार नाही.' मग ग्रामसभा: सतरा मिनिटांचा एक शॉट, कॅमेरा ठार स्थिर, बोलणारे डझनावारी. रोमानियन गुरगुरतात, हंगेरियन गुरगुरतात, कालपर्यंत एकमेकांचं तोंड न बघणारे परक्यांविरुद्ध एक होतात. ज्यांची स्वतःची पोरं जर्मनीत परकी म्हणून शिव्या खातात तीच माणसं. २०२०मध्ये दित्रौ गावात हे खरोखर घडलं होतं. हल्ली इथे नेपाळी, श्रीलंकन, बांगलादेशी मुलं जेवणाची पार्सलं पोचवताना रोज दिसतात. माझा रंगही तोच. तेव्हा तो शॉट लांब आहे की आखूड हा प्रश्न मला पडला नाही.

मांडवीकाठ:

बाप रे. ही ग्रामसभा गोव्यातही ओळखीची वाटेल, आणि मुंबईतही. परक्याविरुद्ध बोलायला माईक मिळाला की कुणी पाच मिनिटांत थांबत नाही.

तात्पुरती:

@क्लुजकर, थोडं अवांतर. तिकडे ड्रॅक्युलाखेरीज भारतीय म्हणून काही ओळख निघते का?

क्लुजकर:

राज कपूर! साम्यवादी काळात 'आवारा' इथे प्रचंड चालला होता. साठीपुढचा माणूस भेटला आणि मी भारतीय म्हटलं की गुणगुणायला सुरुवात. नार्गीता नावाची एक रोमानियन गायिका रंगमंचावर साडी नेसून हिंदी गाणी म्हणायची, तिची ध्वनिमुद्रणं शोधा, मजा येईल. बाकी वाचणाऱ्यांना लेखक मिर्चा एलियादे आठवतो, तो तरुणपणी कलकत्त्याला शिकायला होता.

ड्रॅक्युला म्हणाल तर राडू जुडेने २०२५ मध्ये त्याच नावाचा सिनेमा केलाय. पण तो बघायला जिगर लागते, एवढंच सांगतो.

तिसरी_घंटा:

जुडेबद्दल सांगा ना कुणीतरी. मी नाव नुसतं ऐकलंय.

रिळवाला:

जुडे म्हणजे या घराण्यातला वात्रट पोरगा. बाकीचे शांत बसवतात, हा अंगावर येतो. 'आफेरिम!' (२०१५) कृष्णधवल, १८३५चा काळ, पळालेल्या रोमा (जिप्सी) गुलामाला पकडायला निघालेला हवालदार आणि त्याचा मुलगा. रोमानियात रोमा लोक शतकानुशतकं गुलाम होते, हे तिथल्या सिनेमाने तोवर क्वचितच दाखवलं होतं. बर्लिनला दिग्दर्शनाचं रौप्य अस्वल मिळालं.

पण माझा लाडका २०२३चा: 'डू नॉट एक्स्पेक्ट टू मच फ्रॉम द एंड ऑफ द वर्ल्ड'. अँजेला नावाची मुलगी दिवसभर बुखारेस्टच्या ट्रॅफिकमधून गाडी हाणते, च्युइंगगम चघळत, कमी झोपेवर. काम काय, तर कारखान्यात जायबंदी झालेल्या कामगारांना भेटून एकाची निवड करायची. कंपनीच्या सुरक्षेच्या जाहिरातीत तो 'हेल्मेट घाला' म्हणणार. मधूनमधून ती फोनवर टकल्या पुरुषाचा मुखवटा चढवून अर्वाच्य व्हिडिओ टाकते. आणि शेवटी अर्ध्या तासाहून लांब, न हललेला एकच शॉट: चाकाच्या खुर्चीतला कामगार, आई, बायको, मुलगी, मागे ज्याने अपघात झाला ते फाटक. चित्रीकरण चाललंय. पाऊस येतो. साहेब म्हणतात, हे वाक्य नको. मग ते वाक्य नको. त्या माणसाचं म्हणणं आपल्या डोळ्यांदेखत गाळत गाळत शेवटी त्याच्या हातात कोरा हिरवा कागद उरतो, मजकूर नंतर भरू म्हणे. पिंतिलिएची १९६८ची मारामारी आठवा. तिथे सरकार होतं, इथे कंपनी आहे, 'परत करा' तेच.

वितंडवादी, यात पोपडे उडालेला जिना नाही, झूम कॉल आहे.

वितंडवादी:

हा बघतो. पण मी मुद्दा सोडलेला नाही. ज्या देशातली बहुसंख्य जनता आपला सिनेमा बघत नाही त्या देशाचा तो 'राष्ट्रीय सिनेमा' कसा?

तात्पुरती:

'कोर्ट' किती मराठी लोकांनी थिएटरात बघितला?

वितंडवादी:

@तात्पुरती, तो माझा आवडता सिनेमा आहे, त्याला मध्ये आणू नका.

तात्पुरती:

आणणारच. 'कोर्ट'ला २०१४ साली व्हेनिसच्या ओरिझोंती विभागात सर्वोत्कृष्ट सिनेमाचा पुरस्कार मिळाला. बरोबर दहा वर्षांनी तोच पुरस्कार ज्याला मिळाला तो या धाग्याचा नायक, मुरेशानू. 'कोर्ट'मध्येही कॅमेरा लांब ठेवलेला, न्यायाधीश तारखा देतायत, सरकारी वकीलबाई घरी जाऊन स्वयंपाक करतायत. आख्खा स्वयंपाक! ते चालतं आणि रोमानियन पोलिसाने सूप प्यायलं की चहाला गेले काय?

बाल्कनीवाला:

हाहाहा. वितंडवादी, पाणी घ्या.

वितंडवादी:

तो स्वयंपाक मराठी होता.

(ठीक आहे, सूप परत बघेन.)

डॉ_अर्धवेळ:

एक माहितीपट राहिला. 'कलेक्टिव्ह', दिग्दर्शक अलेक्झांडर नानाउ, २०१९. ऑक्टोबर २०१५ मध्ये बुखारेस्टच्या कोलेक्टिव्ह नाइटक्लबला आग लागली, एकूण ६४ बळी गेले. त्यातले बरेच जण आगीत नाही, नंतर दवाखान्यांत गेले, भाजलेल्या जखमांत जंतुसंसर्ग होऊन. का, तर निर्जंतुक करायचं द्रावण पाणी घालून पातळ केलेलं होतं. हे शोधून काढलं कुणी? एका क्रीडा दैनिकाच्या पत्रकारांनी! क्रिकेटची पानं लावणाऱ्यांनी औषध घोटाळा बाहेर काढावा तसं. २०२१च्या ऑस्करला माहितीपट आणि आंतरराष्ट्रीय सिनेमा अशा दोन्ही गटांत नामांकन होतं. लाझारेस्कू ज्यांना अतिशयोक्त वाटला त्यांनी हा बघावा. जेवताना बघू नका, जखमेतले किडे दाखवलेत.

आणि तिसरी_घंटा, इथेही लोक सतत वाट बघतायत. पण दोन तास कधी गेले कळत नाही. कुठे, किती आणि कशाची वाट बघायला लावायची हे ज्याला कळतं त्याचा सिनेमा संथ वाटत नाही.

तिसरी_घंटा:

डॉक्टर, हे पटतंय. म्हणजे मुरेशानू मला चटकन आवडला कारण तिथे सगळ्यांना २२ डिसेंबरची, म्हणजे चाऊशेस्कू पळाला त्या दिवसाची, वाट बघायची होती आणि तारीख मला ठाऊक होती. 'सिएरानेव्हाडा'त वाट जेवणाची, आणि मी उगाच कथेची बघत बसले. ती नर्स सहीची वाट बघते. तरी पोलिसाचं सूप मला अजून पोचलेलं नाही, खोटं कशाला बोलू. शेवटी साहेब शब्दकोश मागवून त्याची हजेरी घेतात तो प्रसंग जबरदस्त आहे, पण तिथवर पोचायला इतकं चालवायला हवं होतं का, यावर मी वितंडवादींच्या बाजूला आहे.

वितंडवादी:

या, बसा. इकडे जागा भरपूर आहे.

क्लुजकर:

सुरुवात कुठून करावी हे राहिलंच. माझं मत: पोरुंबोयूचा '१२:०८ ईस्ट ऑफ बुखारेस्ट' (२००६). त्याला कानला पहिल्या सिनेमासाठीचा कॅमेरा द'ओर मिळाला होता. छोट्या गावातल्या टीव्ही केंद्रावर क्रांतीच्या वर्धापनदिनी चर्चा: आपल्या गावात क्रांती झाली होती का? म्हणजे १२:०८ ला चाऊशेस्कू पळाला, त्याआधी चौकात कुणी आलं होतं की पळाल्याचं ऐकून सगळे आले? पाहुणे दोन. एक बेवडा मास्तर, जो म्हणतो मी आधीच गेलो होतो. दुसरे आजोबा, सांताक्लॉज बनून चार पैसे मिळवणारे, चालू कार्यक्रमात कागदाच्या होड्या करत बसतात. एकेक गावकरी फोन करून मास्तराची सालं काढतो, तू तेव्हा गुत्त्यात होतास. कॅमेरामन नवशिका, फ्रेम सारखी घसरते. तुमचे यजमान उशी बाजूला ठेवतील.

तिसरी_घंटा:

शनिवारी हाच लावते. नवऱ्याला देश सांगणार नाही.

बाल्कनीवाला:

किती मिनिटांचा?

क्लुजकर:

८९.

बाल्कनीवाला:

दुपारी दोनला नका लावू, एवढंच.